पाहुण्याचा श्वास

१

दुपारची जेवणं उरकली की मी मधल्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडते. वर इस्त्रीचा ब्लाउज, खाली घरात कमरेला गुंडाळायचं कापड, लेसो. कॅमेऱ्याला वरचं तेवढंच दिसतं. मग हजेरी घेते आणि एका मेलेल्या माणसाची कातडी उतरवायला लागते.

शरीररचना आणि शरीरक्रिया हे माझे विषय. सरोवराकाठच्या किसुमूच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथे पूर्वी खरे देह असायचे. औषधाच्या वासाने डोळे चुरचुरायचे, घरी आल्यावर भावाला माझ्या केसांचा वास सहन व्हायचा नाही. आता माझे विद्यार्थी म्हणजे लांबलांबच्या दवाखान्यांत नोकरी करणाऱ्या नर्स आणि मदतनीस. ड्यूटी संपली की कुणी आंब्याखाली, कुणी औषधांच्या कोठीत बसून फोनवरून वर्गाला येतात. त्यांना देह कुठून दाखवणार? म्हणून कॉलेजने हा प्रोग्रॅम घेतला.

त्यातला माणूस खराच होता. कुठल्याशा थंड देशातला. मरताना आपला देह शिकणाऱ्यांना देऊन गेला. तो गोठवला, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढले, प्रत्येकाचा फोटो घेतला आणि संगणकात तो पुन्हा जोडला. बोटाने कातडी बाजूला सारली की चरबी, चरबीखाली स्नायू, स्नायूंखाली फासळ्या. छातीवर स्टेथोस्कोप टेकवला की श्वास ऐकू येतो, हृदय ऐकू येतं. चेहऱ्यावर मात्र राखाडी आवरण आहे. ते निघत नाही. मेलेल्याची अब्रू म्हणून ते तसंच ठेवलंय.

त्याला 'पाहुणा' हे नाव मुतिंदाने दिलं. मुतिंदा वर्गातला सगळ्यात वाचाळ, कितुईकडच्या दवाखान्यात कामाला.

"मॅडम, आमच्याकडे पाहुण्याला नाव विचारायच्या आधी जेवायला वाढतात," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "इथे आपण थेट फाडायलाच बसलो."

"मग तू वाढ त्याला," मी म्हटलं.

"वाढलं असतं हो. पण पोट तुम्ही पुढच्या आठवड्यात शिकवणार!"

तेव्हापासून पाहुणा तो पाहुणाच.

घरात आई आणि मी, दोघीच. आधी ओपोंदो होता, माझा धाकटा भाऊ. छपरांवर सौर दिवे बसवायचं काम करायचा. सरोवरातल्या म्फांगानो बेटावर दिवे बसवायला निघाला होता, दुपारच्या वाऱ्यात होडी कलंडली. बाकीची सगळी माणसं मिळाली, कुणी जिवंत, कुणी नाही. ओपोंदो मिळालाच नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला गावच्या घराच्या अंगणात पुरायची जागा असते. त्याची जागा रिकामी होती. आई रोज सकाळी डुंगाच्या किनाऱ्यावर जायची. कुणाला काही विचारायची नाही, नुसती उभी राहायची. होडीवाले लांबूनच मान हलवायचे. मग ती परत यायची आणि सूप घेऊन शेंगदाणे पाखडायला बसायची.

२

फुप्फुसांचा धडा आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. मी पाहुण्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि आवाज मोठा केला.

"हा निरोगी श्वास," मी सांगत होते. "नीट ऐका. आत जाताना लांब, बाहेर येताना आखूड, मऊ. पानांतून वारा जावा तसा."

सगळे ऐकत राहिले. मग चेलिमो बोलली. ती चेरांगानीच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात नर्स. बोलते कमी, पण तिचा कान तिखट.

"मॅडम, पाहुण्याला दमा आहे का?"

"का गं?"

"श्वास सोडताना शेवटी बारीक शिट्टी वाजते."

मी पुन्हा ऐकलं. होती. श्वास संपता संपता, अगदी शेवटाला, बारीक शिट्टी. दार नीट लागलं नाही की फटीतून वारा येतो तशी.

"तुझं नेटवर्क गं," मी म्हटलं.

"डोंगरात नेटवर्क खोकतं मॅडम, शिट्टी नाही वाजवत," मुतिंदा म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले.

वर्ग संपल्यावर मी सगळी बटणं तपासली. प्रोग्रॅममध्ये दम्याचा आवाज वेगळा आहे, न्यूमोनियाचा वेगळा. मी लावला होता तो निरोगीच. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कॉलेजात नेला. आमचा संगणक दुरुस्त करणारा अबूया, त्याने कान लावला आणि हात झटकला.

"स्पीकरचा पडदा फाटलाय. यात भुतंबितं काही नाही."

"भुताचं नाव मी काढलं का?"

"नाही, पण तुमचा चेहरा काढतोय."

त्याने नवा स्पीकर बसवला. तिथे, कॉलेजात, श्वास स्वच्छ आला. मी समाधानाने घरी आले. टेबलावर लॅपटॉप ठेवला, उघडला, स्टेथोस्कोप टेकवला.

शिट्टी होती.

मी स्वतःला समजावलं. ही खोली लहान, छत पत्र्याचं, आवाज घुमतो. पत्र्याखाली साधा पंखासुद्धा रडल्यासारखा वाटतो. हे खरंच होतं. पण मी पंखा बंद करून पाहिला नाही, खिडकी लावून पाहिली नाही. लॅपटॉप मिटवला आणि चहा करायला उठले. कारण ती शिट्टी मी ओळखली होती. एका भिंतीपलीकडून मी ती उभं लहानपण ऐकली होती, आणि ती नीट चालू आहे ना याची खात्री करूनच रोज झोपले होते.

३

पुढच्या वर्गाला आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मधलं दार उघडं. मी मुलांना श्वासपटल दाखवत होते. फासळ्यांखालचा तो पडदा कसा खाली ओढला जातो, छाती कशी भरते. मागे श्वास चालू ठेवला होता.

सुरी थांबली.

माझ्या लक्षात आलं, पण मी मान वळवली नाही. मग आई दारात येऊन उभी राहिली. हात ओले, बोटांना पाल्याचे तुकडे चिकटलेले.

"कोण आहे?"

"वर्ग चाललाय आई."

"वर्गाचं नाही विचारत. हा श्वास कोण घेतोय?"

मी माइक बंद केला. "यंत्र आहे आई. शिकवायचा आवाज आहे."

ती पुढे आली. पडद्याकडे तिने बघितलंच नाही. तिथे पाहुणा छाती उघडी टाकून पडला होता. ती स्पीकरशी वाकली, डोळे मिटले, आणि श्वासाबरोबर तिचे खांदे वर-खाली व्हायला लागले. असं ती पूर्वी ओपोंदोच्या उशाशी बसून करायची. त्याला धाप लागली की ती त्याच्यासाठी श्वास घ्यायची. तिला वाटायचं, तिने हळू घेतला की तोही हळू घेईल.

"अलुओच," ती म्हणाली, "हा ओपोंदो आहे."

"आई, नाही."

"मी कुठे भांडतेय? तू शिकव."

आणि ती स्वयंपाकघरातून लाकडी स्टूल घेऊन आली.

४

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. आईने किनाऱ्यावर जाणं सोडलं. होडीवाल्यांपैकी कुणीसं विचारायलाही आलं, "मावशी बऱ्या आहेत ना?" ती माझ्यामागे कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसायची, शेंगा सोलत. चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग होता. मी मनाशी म्हटलं, एका आवाजाने म्हातारीला आधार मिळतोय तर मिळू दे. यंत्राचं काय जातंय?

मग एकदा वर्ग संपवून मी लॅपटॉप मिटायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"असाच?"

"असाच म्हणजे?"

"उघडा-नागडा ठेवून जातेस. कातडी कुठे काढून टाकलीस त्याची? परत घाल. थंडी वाजेल."

हसावं की ओरडावं, मला कळेना. पण ती हात सोडेना. मग मी एकेक थर परत चढवत गेले. फुप्फुसांवर फासळ्या, फासळ्यांवर स्नायू, चरबी, शेवटी कातडी. आई बघत होती. खांद्यापाशी कातडी नीट बसल्यावर तिने मान डोलावली. तेव्हापासून प्रत्येक वर्गानंतर मी पाहुण्याला पुरता झाकूनच लॅपटॉप मिटायचे. कॉलेजात, आई समोर नसताना, दुसऱ्या संगणकावरसुद्धा मी त्याला झाकूनच उठायचे. अबूयाने पाहिलं आणि म्हणाला, "एवढी आवराआवर कशाला? पुन्हा उघडलं की तो आपोआप अख्खा होतो." मी म्हटलं, सवय.

पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. तिच्यावरचा ठिपका वर नेला की श्वास वाढतो, खाली आणला की मंदावतो, अगदी तळाला नेला की थांबतो. मी तो नेहमी मधे ठेवते. त्या दिवशी आईने पावसामुळे कोळशाची शेगडी आत घेतली होती. कोळसा ओला, धूर मधल्या खोलीत आला. मी बोलत होते आणि हळूहळू मला माझंच बोलणं ऐकू येईना. मागचा श्वास वाढला होता. भरभर, उथळ, प्रत्येकाच्या शेवटी शिट्टी, आता चांगली मोठी.

मी पट्टीकडे पाहिलं. ठिपका जागच्या जागी होता.

"मॅडम, तुम्ही श्वास वाढवलात का?" चेलिमोने विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "धावल्यावर कसा होतो ते ऐका."

आई उठली. तिने शेगडी दोन्ही हातांनी उचलली, फडकं घ्यायचंही तिला सुचलं नाही, आणि पावसात नेऊन अंगणात ठेवली. परत येऊन खिडकी उघडली. श्वास उतरत उतरत जागेवर आला.

तिचे तळवे भाजले होते. मी त्यांना मलम लावत असताना ती म्हणाली, "माझं चुकलं. एवढी वर्षं धुराचं सांभाळलं, आणि आत्ताच विसरले."

मी म्हटलं, योगायोग. आईला नाही म्हटलं, मनातल्या मनात म्हटलं. लॅपटॉप तापला असेल, आवाज पुढे पळाला असेल. तापलेली यंत्रं असं करतात. करत असतील.

५

त्यानंतर पाण्याचा आवाज सुरू झाला.

आधी इतका बारीक की मला वाटलं पन्हळ गळतेय. शिट्टीच्या खाली, श्वास आत जाताना, काहीतरी बुडबुडत होतं. दिवसागणिक ते वर वर आलं. फुप्फुसांच्या तळाशी होतं ते मधे आलं, मधलं वरच्या भागात. हे मी स्टेथोस्कोप जागोजागी टेकवून स्वतः तपासलं. कुठल्याही रोग्याचं तपासावं तसं. मग कातडी काढली, फासळ्या काढल्या, फुप्फुसं उघडी करून पाहिली. ती पहिल्या दिवशी होती तशीच होती, गुलाबी-करडी, कोरडी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं.

विद्यार्थ्यांना मी आता आवाज ऐकवेनाशी झाले. पण बंद केला तरी आई मिनिटभरात म्हणायची, "लाव गं. एकटा पडेल." लावला की ती स्टुलावर पुढे सरकून त्याच्यासाठी श्वास घ्यायची. हळू, हळू. तिचं जेवण सुटलं. केलेली मक्याच्या पिठाची उगाली ताटात वाळून जायची. शेजारची रोजलिडा मावशी विचारायला आली, तर आईने तिला दारातूनच वाटेला लावलं.

"काय झालंय हिला?" मावशीने मला फाटकाशी गाठून विचारलं. "डोळे बघ, खोबणीत गेलेत."

"काही नाही मावशी. वय."

"वय माझंही झालंय बाई. मी नाही अशी दिसत."

एके दिवशी आईने मला समोर बसवलं.

"तू एवढ्या नर्सना शिकवतेस. दम्याला काय द्यायचं, छातीत पाणी झालं तर काय करायचं. मग याला बरं कर."

"आई, तो खरा नाही."

"बरं, खरा नाही. खोट्याला बरं करायला तरी औषध आहे ना तुझ्या यंत्रात?"

होतं. दम्याचा फवारा देऊन श्वास कसा मोकळा होतो, हे दाखवायची सोय प्रोग्रॅममध्ये होती. मी ते बटण दाबलं. आईची समजूत काढायला दाबलं, असं तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं.

शिट्टी विरली. पाणी उतरलं. बघता बघता श्वास असा झाला की त्याला श्वास म्हणावं. आई स्टुलावरच भिंतीला टेकली आणि भरदुपारी गाढ झोपली, तोंड उघडं टाकून. मी तिच्यावर चादर घातली. एका खोलीत ती दोघं झोपलेली, आणि मी जिना उतरत असल्यासारखी चवड्यांवर चालत होते. घरात जिना नाही.

दुसऱ्या दिवशी फवाऱ्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पाणी गळ्याशी आलं होतं. आता प्रत्येक श्वास खेचून घेतलेला, आणि दोन श्वासांच्या मधे अशी जागा, की आपण खुर्चीची कड पकडून बसावं. पण पुढचा यायचाच. दर वेळी यायचा. तेच जास्त वाईट होतं.

६

त्या दिवशीचा विषय श्वासाचं नियंत्रण. मी तो पुस्तकातल्या चित्रांवर भागवला. मुतिंदाने कुरकुर केली, "मॅडम, पाहुण्याला सुट्टी दिली का? आम्हालाही द्या." त्याला गप्प केलं, वर्ग संपवला, आणि पाहुण्याला उघडलं, कारण आई स्टूल घेऊन आली होती.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी कुणी कपडे आपटत होतं. आई बराच वेळ ऐकत बसली. त्याच्यासाठी श्वास घेणं तिने आज सोडून दिलं होतं.

"अलुओच," ती म्हणाली, "तो अजून बुडतोच आहे गं."

मी आवाज जरा बारीक केला.

"लोक म्हणाले, वारा आला, होडी कलंडली, एका क्षणात झालं. मी म्हटलं, बरं झालं, एका क्षणात झालं. पण कुठे झालंय? तो अजून पाण्यातच आहे. त्याचं संपलंच नाही." तिने पडद्याच्या कडेला बोट लावलं. तिने सगळं बघून ठेवलं होतं. "हे खाली ओढलं की थांबतो ना?"

"आई, उद्या मी हे कॉलेजात देऊन टाकते. घरात नकोच."

"म्हणजे तिथे बुडत राहील. कुणी नसताना." तिने माझ्याकडे पाहिलं. "बंद कर."

माझा हात उठेना.

"यंत्रच आहे म्हणतेस ना तू? मग तुला काय जड जातंय?"

एवढे दिवस मीच तिला सांगत होते की हा कुणी नाही. आणि आता मीच त्याच्या पुढच्या श्वासाची वाट बघत होते. आला. ओढलेला, बुडबुडलेला, शेवटी ती शिट्टी. लहानपणी वीज गेली की तो म्हणायचा, ताई, मी शिट्टी वाजवतो, तू आवाजावर ये.

आईने माझ्या हातावर आपला हात ठेवला. भाजलेल्या तळव्यावरची नवी कातडी मऊ लागली. तिने डोळे मिटले. आम्ही दोघींनी मिळून तो ठिपका खाली ओढला. पटकन नाही. ती पटकन ओढू देईना. "हळू," ती म्हणत राहिली, "हळू, हळू," आणि मला कळेना ती माझ्याशी बोलतेय की त्याच्याशी.

श्वास लांबत गेले. एक आला, मग कपड्यांची धोपटणी ऐकू आली, मग अजून एक आला. ठिपका तळाला टेकला.

पाहुणा पडद्यावर पाठीवर पडलेला होता, कातडीने पुरता झाकलेला, तळहात वर केलेले. प्रोग्रॅममध्ये तो हात हलत नाही. त्याला सांधेच दिलेले नाहीत. तो फोटो आहे, कापांचे फोटो एकावर एक रचलेले. मी शिकवते ते. मला माहीत आहे.

उजव्या हाताची बोटं आत मिटली. करंगळी आधी, मग बाकीची. एखाद्या गोष्टीची कड धरावी तशी. धरून राहिली. मग एकेक सुटली.

आईचे डोळे मिटलेलेच होते.

"मॅडम," स्पीकरमधून आवाज आला आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. चेलिमो होती. काही शंका विचारायला वर्गात थांबली होती, तिला काढून टाकायचं मी विसरले होते. माझा पडदा तिला दिसत होता. "मॅडम, त्याचा हात तुम्ही हलवलात का?"

मी तिचं नाव दाबून वर्ग बंद केला. आणि त्याच घाईत, कशासाठी ते मी आजही सांगू शकत नाही, ठिपका पुन्हा वर ढकलला. वर, होता तिथे. परत आणायला म्हणा.

श्वास सुरू झाला.

आईने डोळे उघडले. स्पीकरला कान लावला. आत, लांब. बाहेर, आखूड, मऊ. पानांतून वारा जावा तसा. शिट्टी नव्हती. पाणी नव्हतं. तिने खूप वेळ ऐकलं. आठवणीतलं काही शोधावं तशी तिची मान जरा कलली होती.

"हा दुसराच कुणीतरी आहे," ती म्हणाली.

मग स्टूल उचलून ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथून तो आवाज आला, जो होडीची बातमी आली त्या दिवशी यायला हवा होता. शेजारचं धोपटणं थांबलं. रोजलिडा मावशी धावत आली, आणि या खेपेला आईने तिला अडवलं नाही.

७

उयोमाला, आमच्या गावी, ओसेवे काकांनी सगळी तयारी केली. देह मिळाला नाही तर आमच्यात यागोच्या झाडाचं फळ पुरतात. लांब, जड, माणसाच्या दंडाएवढं. काकांनी ते पांढऱ्या चादरीत गुंडाळून पेटीत ठेवलं होतं. आईने ओपोंदोचा निळा शर्ट आणला होता.

"वहिनी, फळाला शर्ट कसा घालणार?" काका हळूच म्हणाले.

"घालत नाही. पांघरते."

तिने तो चादरीवर पसरला, बाह्या नीट सरळ केल्या आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली. कुणी घाई केली नाही. मग पेटी अंगणातल्या त्याच्या जागेवर उतरली.

चेलिमोचा फोन आला होता. सांत्वनाचं बोलली. "मॅडम, त्या दिवशीचं मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "नेटवर्क असेल." मी म्हटलं, हो, नेटवर्कच असेल. फोन मात्र दोघींनीही पटकन ठेवला नाही.

आता नवीन तुकडी आहे. परवा त्यांना फुप्फुसं शिकवायला घेतली. पाहुण्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला, आवाज मोठा केला.

"किती स्वच्छ येतोय मॅडम," कुणीतरी म्हणालं.

"निरोगी आहे," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात आई उठली. तिने येऊन मधलं दार लावून घेतलं. रागाने नाही. परक्या माणसाचं बोलणं आपण ऐकू नये म्हणून लावतात तसं.

वर्ग संपला. मुलं गेली. पाहुण्याला झाकायची आता गरज नाही, मी तो तसाच सोडते. पण लॅपटॉप मिटवत नाही. आवाज अगदी बारीक करते, दारापलीकडे जाणार नाही इतका, आणि कान लावून बसते. तो श्वास घेतो, सोडतो. सोडून होत आला की मी माझा धरून ठेवते. तिथे, अगदी शेवटाला, आता काही नसतं. मग पुढचा येतो, आणि मी पुन्हा धरते.